दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातला कॉम्प्युटर रोज दुपारी बंद पडू लागला. सकाळी अगदी नीट चालायचा. जोहरनंतर कामाला बसलो की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळा. आवाज नाही, सूचना नाही, कसलीही पाटी नाही. वीज गेल्यावर दिवा विझतो तसा विझायचा, आणि वर बघावे तर छताचा पंखा मात्र फिरतच असायचा.

आम्ही दोघी नणंद-भावजय. सोलापुरात राहतो आणि माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत कंपोझिंगचे काम करतो. निकाह-वलीम्याचे दावतनामे, अकीक्याची कार्डे, मदरशाची पावतीपुस्तके, कधी एखाद्या शाळेची प्रश्नपत्रिका. उर्दू मजकूर इनपेजमध्ये, मराठी श्रीलिपीमध्ये. कॉम्प्युटर २००९ सालचा, इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा. अब्बांनी तो घेतला होता एमएस-सीआयटीच्या सरावासाठी. पुढे त्यावरच आमची चार पैशांची मिळकत सुरू झाली. इतका जुना डबा अजून कशाला ठेवलाय, असे पाहुणे विचारतात. कारण सरळ आहे. दहा-बारा वर्षांच्या सगळ्या फायली त्यात आहेत, त्या युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये बांधलेल्या आहेत, आणि आमच्याकडे येणारे गिऱ्हाईक "थोरल्याच्या लग्नात केली होती तश्शीच पत्रिका हवी" असे म्हणतच जिना चढते.

तेव्हा हातात अकरा दावतनामे होते. त्यातले चार गुरुवारी सकाळी प्रेसला द्यायचे होते. मंगळवारी दुपारी कॉम्प्युटर तीनदा बंद पडला आणि तिसऱ्या वेळी एका दावतनाम्याची फाइलच उघडेना. नवरीच्या दादाजानपासून धाकट्या मामूपर्यंत सगळी नावे पुन्हा टाइप करावी लागली.

बुधवारी सकाळी तो डबा रिक्षात घालून आम्ही बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याच्या दुकानात एसी होता. दहा मिनिटे कॉम्प्युटर छान चालला, मग त्याने मान हलवली. "भाभी, मदरबोर्ड गेलाय. याचे पार्ट आता येत नाहीत. नवाच घ्या." नव्याचा आकडा ऐकून आम्ही गप्प झालो. तो आमच्या चार महिन्यांच्या कमाईएवढा होता. कॅबिनेटचा एक स्क्रूही त्याने उघडला नव्हता, हे आमच्या लक्षात आले ते परतीच्या रिक्षात. आम्ही कॉम्प्युटर घरी आणला तो शहाणपणाने नव्हे, पैसे नव्हते म्हणून.

घरी आल्यावर आमच्यातल्या थोरलीने अम्मींची शिवणाच्या मापांची वही उघडली आणि मागच्या कोऱ्या पानावर आधल्या दिवसाच्या वेळा आठवून लिहिल्या. सकाळी ७.४० ला सुरू, १०.५५ ला आपणच बंद केला. दुपारी २.२० ला सुरू, २.३८ ला बंद पडला. लगेच २.४० ला सुरू केला, २.४४ ला बंद पडला. मग तासभर हात लावला नाही. ३.५० ला सुरू, ४.०७ ला बंद पडला.

या चार ओळींनी आमचे निम्मे काम केले. लगेच चालू केला तर चार मिनिटे, तासभर विश्रांती दिली तर सतरा मिनिटे. मदरबोर्ड बिघडला असता तर त्याला सकाळ-दुपार कशी कळली असती? व्हायरसला तरी कुठे कळते? हा तापाचा खेळ होता. तापलेला तवा गॅस बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो, आणि तो पुन्हा चढवला तर भाकरी लगेच करपते, तसेच.

तापामुळे बंद पडणे आणि वीजपुरवठ्याच्या डब्यामुळे, म्हणजे एसएमपीएसमुळे बंद पडणे, यांत घरातली बाई-माणसे नेहमी गोंधळतात. आम्हीही गोंधळलो होतो. एसएमपीएस थकलेला असेल तर कॉम्प्युटर वेळकाळ पाहत नाही. सकाळी चालू करतानाच बंद पडेल, पेन ड्राइव्ह लावताच पडेल, शेजारी मिक्सर सुरू झाला की पडेल, पुन्हा पुन्हा बटण दाबल्यावर कधीतरी उठेल. आमच्या चाचांचा कॉम्प्युटर असाच करायचा. एसएमपीएस बदलला आणि तो सुधारला. ताप मात्र हिशेबी असतो. त्याला वेळ लागतो, उन्हाने तो वाढतो, विश्रांतीने उतरतो. म्हणून दोन दिवस वेळा लिहून काढणे हीच पहिली तपासणी, आणि तिला काही खर्च नाही.

विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आम्ही डोकावलो तेव्हा "कर्नल-पॉवर ४१" अशा लाल खुणांची रांग दिसली. आधी धस्स झाले. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटर नीट बंद न होता अचानक बंद झाला. का झाला, ते ती सांगत नाही. तिच्यावर डोके खपवण्यात आमचा अर्धा तास गेला.

इथे थोडे प्रोसेसरविषयी. आपल्याकडे सगळे त्या अख्ख्या डब्यालाच "सीपीयू" म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतला एक चौकोन, आमच्या मशीनमधला जेमतेम पावणेचार सेंटिमीटरचा. या जातीचे बरेचसे प्रोसेसर ६५ वॅटचे असतात. म्हणजे पूर्ण कामावर असताना जुन्या साठच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता काडेपेटीएवढ्या जागेतून बाहेर पडते. ती ओढून घ्यायला त्याच्या डोक्यावर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर पंखा. उष्णता वाढत गेली की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. त्यामुळेच बंद पडण्याच्या आधी दोन-तीन मिनिटे आमचा माउस अडखळायचा. तरीही ताप वाढला तर जळून जाण्याआधी वीज तोडली जाते. म्हणजे जे बंद पडणे आम्ही मरण समजत होतो, ते त्याचे स्वतःला वाचवणे होते.

पंखा कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. सोलापूरचा मे महिना आणि वर पत्रा. खोलीतच ३९-४० अंश असतील तर सुरुवातच तिथून होते. सकाळी मिळणारी दहा-बारा अंशांची सवलत दुपारी संपते. दुकानातल्या एसीत आमचा आजारी एकदम बरा का वाटला, तेही इथेच कळते.

बुधवारी जोहरनंतर आम्ही कॉम्प्युटर सुरू करतानाच डिलीटचे बटण दाबत राहिलो आणि बायोसमध्ये गेलो. काही मशीनमध्ये त्यासाठी एफ-२ दाबावे लागते. तिथे "पीसी हेल्थ" किंवा "हार्डवेअर मॉनिटर" नावाचे पान असते. त्यावर प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचा वेग दिसतो. आम्ही नुसते बघत बसलो. ५९ अंश. पाच मिनिटांत ७२. दहाव्या मिनिटाला ८१. पंखा मिनिटाला २६०० फेऱ्या घेत होता, म्हणजे जीव तोडून पळत होता. ८८ दिसले आणि स्क्रीन काळा. काही काम नाही, इनपेज उघडलेले नाही, नुसत्या बसल्या जागी हा ताप.

आमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "खाला, बायोसमध्येच शटडाउन टेम्परेचर म्हणून एक सेटिंग असते. ती काढून टाका, मग बंद नाही पडणार." सेटिंग होती खरी, ९० वर ठेवलेली. आम्ही तिला हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका. थर्मामीटर फोडला म्हणून लेकराचा ताप उतरत नाही.

आता आमची खरी चूक सांगतो. महिन्याभरापूर्वीच आम्ही कॅबिनेटची बाजू उघडून आत टॉर्च मारला होता. पंखा फिरताना दिसला, आणि "पंखा ठीक आहे" म्हणून झाकण लावून टाकले. पंखा फिरतोय म्हणजे हवा जातेय, असे आम्ही धरून चाललो. पण पंख्याच्या खाली, पात्यांच्या तोंडावर काय आहे, ते वरून दिसतच नाही.

बुधवारी असरनंतर वायर काढली, पॉवरचे बटण एकदा दाबून धरले म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि कॅबिनेट गच्चीवर नेले. त्याआधी, सकाळी घरी येताच, खोली अजून तापली नव्हती तेव्हा, अकराही दावतनामे पेन ड्राइव्हवर काढून ठेवले होते. दुरुस्तीच्या आधी फायली बाहेर काढायच्या, हा क्रम उलटा करू नये. मुलांना खाली पाठवले, नाकावर ओढणी बांधली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि पंखा सोडवला. तो चार बारीक स्क्रूंनी हीटसिंकवर बसलेला होता.

खाली गोधडी होती. दुसरा शब्द सुचत नाही. राखाडी-गुलाबी रंगाची, बोटाच्या पेराएवढी जाड, पात्यांच्या तोंडावर गोल बसलेली. चिमटीत धरून उचलली तर अख्खी चकती निघाली. गुलाबी रंग कुठून आला, तो प्रश्न पडायच्या आधीच उत्तर मिळाले. अम्मींचे शिलाई मशीन त्याच खोलीत, कॉम्प्युटरपासून दोन हातांवर आहे, आणि त्या महिन्यात त्या गुलाबी मखमलीचे शरारे शिवत होत्या. कापडाची कुसे हवेत उडतात, पंखा ती ओढतो आणि पात्यांवर दाबून बसवतो. साधी धूळ निदान भुरभुरीत असते. कापडाच्या कुसाचा नमदा होतो. शिवणकाम, पिंजारी, टॉवेल-चादरींचे माग, बेकरीचे पीठ, जिथे हवेत असे काही उडते त्या घरातल्या कॉम्प्युटरचे पोट वर्षातून दोनदा तरी उघडून पाहावे. मांजर असेल तर तीनदा.

साफसफाईची हत्यारे साधी: रंगकामाचा एक इंची कोरडा ब्रश, जुना टूथब्रश आणि सायकलचा पंप. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. तसे न धरता हवा मारली तर तो भलत्या वेगाने गरगरतो आणि त्याच्या बेअरिंगला इजा होते. ओले फडके कुठेही नको. एसएमपीएसच्या जाळीवर बाहेरून ब्रश फिरवावा, पण तो डबा उघडू नये. वायर काढल्यावरही त्याच्या आत झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते. तिथे धाडस दाखवण्यात काही अर्थ नाही. मदरबोर्डवर छोटी नळकांडी उभी असतात, ती कपॅसिटर. त्यांचे डोके फुगलेले किंवा त्यातून तपकिरी काही पाझरलेले दिसले, तर दोष तापाचा नाही आणि काम आपले नाही. आमची सगळी सपाट डोक्याची निघाली, अल्हम्दुलिल्लाह.

एवढे करून थांबायचा मोह झाला होता. पण बारा-पंधरा वर्षांत हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्यामधला लेपही वाळतो. तो थर्मल पेस्टचा असतो. दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट बसले तरी मध्ये केसापेक्षा बारीक फटी राहतात, त्यांत हवा असते, आणि हवा उष्णता धड पुढे जाऊ देत नाही. लेप त्या फटी भरतो. भाईजानला फोन करून कामावरून येताना एक छोटी ट्यूब आणायला सांगितली. दोनशे रुपयांच्या आत काम झाले.

आमच्या मशीनचा हीटसिंक चार कोपऱ्यांवरच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बसवलेला असतो. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण असतो. सोडवताना बाणाच्या दिशेने पाव फेरी फिरवून ती वर ओढायची. खाली जुना लेप खडूच्या भुकटीसारखा झाला होता. (एएमडीच्या जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर हीटसिंकला चिकटून खालच्या पिनांसकट उपटून येऊ शकतो. तिथे सरळ ओढू नये, हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावे.)

लेप पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. "अल्कोहोल? या घरात?" अम्मी जिन्यातूनच म्हणाल्या. सुई टोचण्याआधी नर्स कापसाने दंडावर जे चोळते त्याच्याच घराण्यातले हे, असे सांगितल्यावर त्यांनीच औषधाच्या डब्यातली बाटली काढून दिली. कोरोनातले सॅनिटायझर मात्र चालत नाही. त्यात ग्लिसरीन असते आणि ते मागे चिकटपणा सोडते.

नवा लेप किती लावायचा, यावर आमच्यात वाद झाला. धाकटीचे म्हणणे, लोणी लावल्यासारखा भरपूर लावू. पण लेप धातूइतकी उष्णता वाहून नेत नाही. त्याचे काम फक्त फटी भरण्याचे. जाड थर दिला तर तोच मध्ये भिंत होतो. तुरीच्या दाण्याएवढा एकच थेंब, मधोमध. थोरलीचा हात मेंदीच्या कोनावर बसलेला आहे. तिने बरोब्बर तेवढाच थेंब ठेवला. दाबाने तो आपोआप पसरतो, बोटाने सारवू नये.

मगरिबनंतर सगळे जोडले, सुरू केले, बायोस उघडले. दोन मिनिटांत ८४! आधीपेक्षा वाईट. भाईजान दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर "दुकानदार बरोबर होता" असे स्वच्छ लिहिलेले होते. त्या पाच मिनिटांत आम्हालाही तसेच वाटले. गुरुवारची सकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली आणि कुणाच्या घरचे निकाहचे कार्ड आपल्यामुळे अडणार, या विचाराने घसा कोरडा पडला.

पुन्हा वायर काढली. टॉर्च धरून हीटसिंकच्या चारी पायांकडे खालून पाहिले. तीन खुंट्या बोर्डाच्या आरपार गेल्या होत्या. चौथी, एसएमपीएसच्या वायरींच्या गुंत्याखालची, नुसती टेकलेली होती. त्यामुळे हीटसिंक एका बाजूने केसभर उचललेला. या खुंट्यांची खोड अशी की त्या बसल्यासारख्या वाटतात, पण बसलेल्या नसतात. पुन्हा सगळे सोडवले, लेप पुसला, नवा थेंब ठेवला. खुंट्यांची डोकी बाणाच्या उलट दिशेने मूळ जागी फिरवून घेतली आणि या वेळी समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन खुंट्या एकदम दाबल्या. चार वेळा "टक्" ऐकू आल्याशिवाय पुढे गेलो नाही. एकदा हलवून पाहिले, हीटसिंक जागचा हलेना.

इशानंतर सुरू केला. ४५. दहा मिनिटांनी ४८, आणि काटा तिथेच थबकला. पंखा १३०० फेऱ्यांवर उतरला होता. खोलीत इतकी शांतता झाली की कॉम्प्युटर बंद पडला असे वाटून आम्ही दोघींनी एकदमच स्क्रीनकडे पाहिले.

चारही दावतनामे फजरच्या आधी पुरे झाले. गुरुवारी दुपारी, मुद्दाम त्याच वेळी, कोअर टेम्प हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर लावून इनपेज, श्रीलिपी आणि फोटोचे काम एकदम चालवले. खोली तापलेली, तरी आकडा ६६ च्या वर गेला नाही. पुढच्या आठवड्यात घड्याळाची वेळ मागे पडू लागली तेव्हा बोर्डावरचा सीआर २०३२ सेलही बदलून टाकला. त्याचा तापाशी संबंध नव्हता, पण हात आता धजावला होता.

कुणाला हे घरी करायचे नसेल तर दुकानात जरूर न्यावे. फक्त तिथे तीन गोष्टी मागाव्यात: बायोसमधला तापमानाचा आकडा आमच्यासमोर दाखवा, पंखा काढून पाती दाखवा, लेप बदला. तापमान दाखवल्याशिवाय कुणी मदरबोर्ड गेला म्हणाले तर दुसरे दुकान शोधावे. बुरख्यातली बाई कॉम्प्युटर घेऊन आली की काही लोक बोलणे आवरते घेतात, हा अनुभव आम्हाला आहे. तीन प्रश्न विचारले की मात्र तेच लोक खुर्ची पुढे करतात, हाही आहे.

एक गोष्ट बाकी राहिली होती, आणि ती अम्मींना सांगायची हिंमत आमच्यात नव्हती. कॉम्प्युटर घरात आला त्या वर्षी त्यांनी त्याच्यासाठी एक खोळ शिवली होती, निळ्या साटिनची, कडेला पांढरी लेस आणि पुढे दोन गुलाब भरलेले. मॉनिटर बंद केला की त्या ती कॅबिनेटवर घालत. आत मशीन चालू आहे की नाही, ते त्यांना कळत नसे, आणि कॅबिनेट पुढून हवा घेते, मागून सोडते, हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. शेवटी कॅबिनेट शिलाई मशीनपासून लांब, खिडकीच्या कोपऱ्यात नेले, जमिनीवरून उचलून दोन विटांवर ठेवले, भिंतीपासून वीतभर जागा सोडली आणि मग बोललो. आम्ही सुचवले की पुढचा-मागचा भाग कापून खोळ मोकळी करून घेऊ.

अम्मींनी खोळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "इतक्या वर्षांचा साटिन आहे, कापला की उसवेल," म्हणाल्या, आणि ती नेऊन आपल्या शिलाई मशीनवर घातली. आता गुलाब तिकडे आहेत. दर जुम्म्याला सकाळी त्या ती खोळ गच्चीत नेऊन झटकतात, आणि खाली येताना कॉम्प्युटरच्या मागे हात धरून हवा येते का, ते पाहतात.